इथेनॉलच्या खात्यावर किती लिहायचं?

वाचकाचं पत्र

बाबांची २००४ सालची १५० सीसी मोटरसायकल गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. कार्बोरेटरची गाडी, इंजिनाला कधी हात लावावा लागला नाही. पूर्वी लिटरला ४८ किलोमीटर द्यायची, आता जेमतेम ३६ देते. मी ती रोज काढत नाही, कधी कधी दोन-तीन आठवडे उभीच असते. मग सुरू करायची म्हणजे किक मारून घामाघूम. सुरू झाली तरी चोक अर्धा ओढून ठेवला नाही तर सिग्नलला बंद पडते. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. हल्ली तर सकाळी गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसतो. मेकॅनिकने कार्बोरेटरचा बाऊल उघडून तळाशी पाण्याचे थेंब दाखवले आणि म्हणाला, "इथेनॉलनं वाट लावली, ही गाडी आता काढून टाका." आमच्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. एक मित्र म्हणतो बाटलीतलं औषध टाक, दुसरा म्हणतो पाणी घालून इथेनॉल धुऊन काढ. बाबा काहीच म्हणत नाहीत. मी गाडी लावून घरात आलो की फक्त विचारतात, "कॉक बंद केलास का?" गाडी विकू का? आणि बहिणीच्या नव्या इंजेक्शनच्या गाडीचंही असंच होणार का?

उत्तर

विकू नका. निदान या निदानावरून तरी नका.

इथेनॉल निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. जुन्या गाडीला ते त्रास देतं आणि कसा देतं ते पुढे सांगतो. पण हल्ली गॅरेजमध्ये इथेनॉल हे सगळ्या दुखण्यांचं एकच नाव झालंय. गाडी उचलत नाही, इथेनॉल. प्लग काळा, इथेनॉल. चेन सैल झाली तरी एखादा इथेनॉलच म्हणेल. म्हणून आधी हिशोब मांडू.

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या एका लिटरच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे मिश्रणात २० टक्के इथेनॉल असेल तर त्या २० टक्क्यांतला एक तृतीयांश भाग वाया गेला असं समजा, सुमारे साडेसहा-सात टक्के. तुमच्या ४८ मधून तेवढे काढले तर पावणेपंचेचाळीसच्या आसपास उरतात. आणि हे निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर. तुमचे ४८ हे १० टक्के मिश्रणाच्या काळातले असतील तर इथेनॉलचा वाटा याच्याही निम्मा. तरी आपण त्याच्या नावावर जास्तीत जास्त लिहू. तुमचे १२ किलोमीटर कमी झालेत. त्यातले सव्वातीन इथेनॉलच्या खात्यावर. उरलेले पावणेनऊ कुणी खाल्ले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात दोन ठिकाणी आहे: गाडीखालचा डाग आणि अर्धा ओढलेला चोक.

आधी डाग. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर येतो आणि एका छोट्या सुईने वाट बंद करतो. त्या सुईच्या टोकाला रबर असतं. ते कडक झालं, त्याला खाच पडली किंवा खाली कचऱ्याचा कण अडकला की वाट पूर्ण बंद होत नाही, आणि जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकत राहतं. तीन सेकंदांना एक थेंब धरला तरी रात्रीच्या दहा तासांत १२,००० थेंब होतात. म्हणजे पाव लिटरच्या आसपास. एवढ्या पेट्रोलवर गाडी दहा किलोमीटर सहज गेली असती. ॲव्हरेजचं सोडा, बंद जागेत गाडी उभी असेल तर हा आगीचा धोका आहे. तेव्हा हे काम या आठवड्यात करा आणि तोवर गाडी उघड्यावर, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करून ठेवा. आणखी एक बघा: इंजिन ऑइलची कांडी बाहेर काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर बाऊलमधून वर चढलेलं पेट्रोल सिलिंडरमार्गे ऑइलमध्ये उतरलंय. तसं असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

या रबराच्या बाबतीत मात्र इथेनॉलवर आरोप ठेवता येतो. जुन्या गाड्यांमधलं साधं नायट्राइल रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जास्त फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. असं काही वेळा झालं की ते चिरतं. एका जुन्या गाडीचा बाऊल मी उघडला तेव्हाची गोष्ट. खोबणीतली ओ-रिंग (गोल रबरी सील) काढली, बाजूला ठेवली, जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) साफ केले आणि परत बसवायला गेलो तर ती बसेचना. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने उसळून वर यायची, बांगडी एक आकार मोठी घेतल्यासारखी. वैतागून वर्तमानपत्रावर टाकून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली तर आपोआप मापात आलेली! रात्रभरात तिने प्यालेलं पेट्रोल उडून गेलं होतं. बसवली, गाडी चालवली, आठवड्याने पुन्हा गळायला लागली. तेव्हापासून बाऊल उघडला की ओ-रिंग नवीनच घालतो.

तुम्हीही तेच करा. बाऊलची ओ-रिंग किंवा गॅस्केट, फ्लोटची सुई, कॉकमधले रबरी वायसर, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी, सगळं एकदम बदला. घेताना इथेनॉलला चालणारं मागा. फ्लुओरोकार्बनचं रबर, ज्याला दुकानात व्हायटॉन म्हणतात, ते या कामाला उत्तम. नळी बदलायची खूण सोपी आहे: बोटांमध्ये धरून जोरात वाकवा. बाहेरच्या बाजूला बारीक भेगांचं जाळं दिसलं किंवा बोटाला काळं लागलं की ती गेली. वीस वर्षांची नळी असेल तर वाकवायचे कष्टही घेऊ नका.

आता चोक. तो ओढला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. एक लिटर निव्वळ पेट्रोल जाळायला जेवढी हवा लागते त्यापेक्षा इथेनॉलला बरीच कमी लागते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. आकड्यांत सांगायचं तर एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, एक किलो इथेनॉलला ९ किलो, आणि २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीत सायलेन्सरजवळचा सेन्सर हे ओळखतो आणि कंप्युटर जास्त पेट्रोल सोडतो. तुमच्या कार्बोरेटरला डोळे नाहीत. त्याच्या जेटचं भोक २००४ साली होतं तेवढंच आहे. त्यामुळे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. थंड इंजिन नखरे करतं, कारण इथेनॉलला वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट येते तीही बहुतेक वेळा याच कारणाने.

पण नुसत्या इथेनॉलमुळे चोक सतत ओढावा लागत नाही. जुन्या कार्बोरेटरचं सेटिंग बहुधा जरा रिचच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, ठेवलेलं असायचं, त्यात एवढा फरक बराचसा मुरतो. तुमच्या गाडीत दुसरं काहीतरी त्याच्या जोडीला आहे, आणि माझा संशय पायलट जेटवर आहे. आयडलिंगचं, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असतानाचं, सगळं पेट्रोल या जेटमधून जातं आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. गाडी तीन आठवडे उभी राहिली की बाऊलमधल्या पेट्रोलचा हलका भाग हवेच्या नळीतून उडून जातो, मागे उरतो चिकट, पिवळसर राप. जुन्या लाकडी कपाटावरचं व्हार्निश आठवा, रंगाने आणि वासानेही तसंच. भोकाच्या कडेला त्याचा नुसता पापुद्रा धरला तरी आधीच लीन असलेलं मिश्रण उपाशी होतं. मग तुम्ही चोक ओढता. चोक ओढला की गाडी चालते, पण प्रमाणाबाहेर पेट्रोल पिते. राहिलेल्या किलोमीटरांचा बराच हिशोब इथे लागतो.

म्हणून कार्बोरेटर पूर्ण उतरवून, जेट काढून साफ करून घ्या. बाहेरून स्प्रे मारून "साफ केला" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पायलट जेट उजेडासमोर धरला की त्यातून गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. भोकात सुई किंवा स्टीलची तार घालू देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट गेला. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा, अगदीच हट्टी घाण असेल तर वायरमधली तांब्याची एक बारीक काडी.

हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू यानंतर फिरवायचा, आधी नाही. इथे बरेच जण फसतात. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो सहसा पेट्रोलचा असतो, बाहेर फिरवला की मिश्रण रिच होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, आणि तो आत फिरवावा लागतो. इंजिन नीट तापू द्या, मग पाव-पाव फेरा देत आवाज ऐका. अर्ध्या फेऱ्यात काम होतं असा माझा अनुभव. तरीही मधल्या वेगात गाडी अडखळत असेल तर नीडलची (ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या लांब सुईची) क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर येते. मेन जेट मोठा करण्याच्या भानगडीत लगेच पडू नका. पडलातच तर हे लक्षात ठेवा: जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगणारा असेल तर १०० च्या जागी १०४ घातला की पेट्रोल चार नव्हे, आठ टक्के वाढतं, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. गडबडीत ११० बसवून प्लग काजळी करून घेणारे खूप आहेत.

पाण्याच्या थेंबांचं काय? इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं. १० टक्के मिश्रणात साध्या तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकतं. १२ लिटरच्या टाकीत हे ६० मिलिलिटर झालं. तेवढं होईपर्यंत ते गुमान पेट्रोलबरोबर जळून जातं, आणि एका अर्थाने हे बरंच आहे, कारण निव्वळ पेट्रोलमध्ये थोडं पाणी शिरलं तरी ते तळाशी जाऊन बसायचं. २० टक्के मिश्रणाची सोसण्याची ताकद तर याहून जास्त. मर्यादा ओलांडली, किंवा गारठ्याने ती मर्यादाच खाली आली, की मात्र इथेनॉल पाण्याशी हातमिळवणी करून पेट्रोलला सोडतं आणि दोघं मिळून तळाशी जातात. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिन न ठोकता जळायची ताकद, घसरतो. खालचा थर इंजिनाला चालत नाही, शिवाय टाकीचा पत्रा आणि कार्बोरेटरचं जस्तमिश्रित धातूचं अंग खातो. बाऊलच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ती याचीच.

हवेतल्या दमटपणाने एवढं पाणी दोन आठवड्यांत जमत नाही. ते कुठून तरी थेट आत आलंय. टाकीचं झाकण उघडून रबरी सील पाहा. आणि झाकणाभोवती खळगा असेल तर त्यातलं पाणी जायचं बारीक भोक शोधा. ते धुळीने बुजलं की गाडी धुताना खळग्यात तळं साचतं आणि जुन्या सीलमधून आत झिरपतं. मग टाकी पूर्ण रिकामी करा. थोडं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घेऊन तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बाद. हलवून, नवं पेट्रोल ओतून किंवा औषध टाकून ते सुधारायला जाऊ नका.

औषधाच्या बाटल्यांबद्दल इथेच सांगून टाकतो. गंज रोखणारी किंवा उभ्या गाडीतलं पेट्रोल टिकवणारी काही रसायनं खरोखर उपयोगी असतात. गाडी तीन-चार महिने उभी राहणार असेल तर ती वापरा. पण इथेनॉल "निष्प्रभ" करणारी बाटली, किंवा वेगळं झालेलं पाणी पुन्हा पेट्रोलमध्ये मिसळून देणारी बाटली, यांच्यासाठी खिशात हात घालू नका. तेवढ्या पैशांत ओ-रिंगांचा सेट येईल.

तुमच्या दुसऱ्या मित्राची युक्ती मुळात एक चाचणी आहे. मापाच्या उभ्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालून हलवलं की इथेनॉल पाण्यात उतरतं. २० टक्के मिश्रण असेल तर खालच्या थराची रेघ १० वरून २८ च्या आसपास येते. पंपावर काय मिळतंय हे ताडायला ठीक, तेही उघड्या हवेत, आसपास ज्योत किंवा सिगारेट नसताना. पण असं धुतलेलं पेट्रोल टाकीत घालायचं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर असतो. मिश्रण करायचं पेट्रोल बहुतेक वेळा तो धरूनच बनवतात. इथेनॉल काढलंत की मागे हलका माल उरतो, वर पाण्याचा अंश. इंजिन ठोकायला लागेल, आणि लिटर-लिटर इथेनॉलमिश्रित पाणी कुठे ओतणार हा प्रश्न निराळाच.

सर्व्हिसनंतरच्या पहिल्या दोन टाक्यांत फिल्टर तुंबला तर घाबरू नका. इथेनॉल चांगलं द्रावक आहे, टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ ते सोडवून खाली आणतं. स्वस्तातला इनलाइन फिल्टर लावा आणि पारदर्शक घ्या, म्हणजे आत काय आलंय ते दिसतं. टाकीला आतून कधी एपॉक्सीचा लेप दिलेला असेल तर मात्र टॉर्च मारून तपासा. जुने लेप इथेनॉलने मऊ पडून सोलवटतात. फायबरग्लासच्या टाकीचं तर विचारूच नका. (फार जुन्या, संग्रहातल्या गाड्यांत बुचाच्या लाकडाचे फ्लोट असायचे आणि त्यांवर लाखेचा थर. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्या गाड्यांच्या मालकांचं दुःख आपल्या दुःखापेक्षा मोठं आहे.) घरात एखादी टू-स्ट्रोक असेल तर तिच्या बाबतीत जास्त जपा. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. तळाशी गेलेल्या पाणी-इथेनॉलमध्ये ऑइल जवळपास नसतं, आणि कॉक तळातूनच ओढतो. इंजिन जाम व्हायला तेवढं पुरतं.

बहिणीच्या गाडीची चिंता नको. नव्या गाडीचे रबर, पंप आणि कंप्युटर हे धरून बनवलेले असतात, फक्त तिच्या मॅन्युअलमध्ये किती टक्क्यांपर्यंत चालेल ते एकदा वाचा आणि तो शब्द अखेरचा माना. अमेरिकेत १५ टक्क्यांचं मिश्रण २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींना चालतं, पण मोटरसायकलींना त्याची परवानगी नाही. पंपावरच्या लेबलवरही तसं लिहिलेलं असतं. उलट ब्राझीलमध्ये १९७५ पासून इथेनॉलचा कार्यक्रम आहे. तिथे २०१५ मध्ये मिश्रण २७ टक्क्यांवर गेलं, आणि २००९ मध्येच होंडाने तिथे पेट्रोल, इथेनॉल किंवा दोन्हींचं कसलंही मिश्रण चालणारी १५० सीसीची मोटरसायकल विकायला काढली. तुमच्या गाडीएवढंच इंजिन. तेव्हा हा प्रश्न मोटरसायकल या जातीचा नसून कोणती गाडी कशासाठी बनवली याचा आहे.

काम झाल्यावर ॲव्हरेज नीट मोजा. टाकी काठोकाठ भरा, दोनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा. रिझर्व्हला लागल्यावर केलेला अंदाज नको. ४३-४४ आले तर तुमची गाडी ठणठणीत आहे असं मी म्हणेन. चाळिशीच्या खालीच राहिली तर टायरची हवा, घासणारा ब्रेक आणि झिजलेली जेट-नीडल, या क्रमाने बघा. इथेनॉलपाशी परत येऊ नका.

राहता राहिला कॉक. तो बंद असला की फ्लोटची सुई हजार वेळा चुकली तरी रात्रीचं गळणं बाऊलभर पेट्रोलावर थांबतं. पण तुमच्या बाबांना याहून पुढचं माहीत असावं असं मला वाटतं, कारण त्या पिढीतले काही जण कॉक घरी येऊन नाही, घराच्या थोडं आधीच बंद करायचे. बाऊलमध्ये तीसेक मिलिलिटर पेट्रोल असतं. गाडी तेवढ्यावर किलोमीटरभर तरी येते. दारात स्टँडवर लावून उरलेलं आयडलिंगवर जाळून टाकलं की इंजिन आपणहून बंद पडतं आणि बाऊल कोरडा होतो. मग तीन आठवडे उभी राहिली तरी पायलट जेटवर राप धरायला मागे काही उरत नाही. अंतराचा अंदाज येईपर्यंत हे रहदारीत करू नका, स्टँडवरच करा. एक-दोन महिन्यांत जमेल. मग बाबांनी विचारलं की, "हो, कोपऱ्यावरच केला," असं सांगता येईल.